दिवाळीला कोबा, शिमग्याला लेप : कोकणातल्या घरासाठी मायक्रोसिमेंट

आमच्या घरातलं मायक्रोसिमेंटचं काम पुरं झालं त्या दिवशी आई माजघरात आली, पायाचा अंगठा जमिनीवर घासून पाहिला आणि म्हणाली, "एवढे पैशे घालून शेवटाक कोबोच केलंस?"

तिचं अर्धं खरं आहे. सांधे नसलेली, थापीने घोटलेली, घोटणाऱ्या हाताची खूण अंगावर ठेवणारी जमीन कोकणाला नवी नाही. फरक जाडीत आणि मसाल्यात आहे. कोब्यात इंच-दीड इंचाचा सिमेंटचा थर असतो आणि त्यावर लाल रंग घोटलेला असतो. मायक्रोसिमेंट म्हणजे बारीक सिमेंट, त्याहून बारीक खनिज पूड, रंगद्रव्य आणि ॲक्रिलिकसारखं पॉलिमर यांचा सगळा मिळून 2 ते 3 मिलिमीटरचा लेप, आणि त्याच्यावर पारदर्शक सीलर, म्हणजे पाणी आणि डाग अडवणारा हात. जुन्या टाइल्सवरही तो बसतो आणि दारं तासावी लागत नाहीत, म्हणून लोकांना आवडतो. पण एवढ्या पातळ लेपाला स्वतःची अशी ताकद नसते. खालचा थर हलला की तो फुटतो, खालून ओल आली की सुटतो. आपल्याकडे वर्षाचे चार महिने सगळंच ओलं असतं, तेव्हा पहिल्यांदा हे काम करणाऱ्याने लेपाच्या रंगाआधी लेपाखाली काय आहे ते पाहावं. मी तर ऋतूही पाहिला नाही. ती गोष्ट पुढे येईलच.

आधी नाही म्हणायच्या जागा

जुन्या चिरेबंदी घराच्या भिंती बहुतेक वेळा मातीत किंवा चुन्यात रचलेल्या असतात आणि जोत्यावर ओल अडवणारा थर नसतो. आपल्या चिऱ्याला, म्हणजे जांभ्याला, लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस बुकानन यांनी 1807 साली मलबारातला दगड पाहून दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. विटेसारखाच तो पाणीही पितो. पावसाळ्यात जमिनीतली ओल वर ओढून घेतो आणि दिवाळीनंतर हळूहळू सोडतो. अशा भिंतीवर पॉलियुरेथेन सीलर मारलेला लेप म्हणजे मे महिन्यात अंगात रेनकोट. आतलं पाणी बाहेर यायला बघतं, येताना क्षार घेऊन येतं, ते लेपाच्या मागे सुकून फुगतात आणि पापुद्रे सुटतात. साध्या रंगाच्या भिंतीला लोणा, म्हणजे हे क्षार, लागला तर खरवडून परत रंग देता येतो. इथे त्या पापुद्र्यांबरोबर पैसेही खाली पडतात. अशा भिंतीला चुन्याचा गिलावा करा. तो स्वस्त आहे आणि भिंतीला मानवतो.

खळ्यात, म्हणजे अंगणात, बाहेरच्या पायऱ्यांवर आणि पडवीच्या जिथे पावसाची झड येते त्या कडेलाही माझं उत्तर "नाही" असंच आहे. मातीच्या, सारवलेल्या जमिनीवर तर प्रश्नच येत नाही. आधी भराव चोपून, प्लास्टिकचा जाड कागद अंथरून, त्यावर काँक्रीट टाकावं लागेल.

राहिलं काय? आरसीसीच्या घरातल्या आतल्या भिंती, माजघराची पक्की जमीन, स्वयंपाकघराचा ओटा आणि त्यामागची भिंत, न्हाणीघर. तेवढं पुष्कळ झालं.

पंचांग

जून उजाडला की कोकणातल्या प्रत्येक मेस्त्र्याला एकच वाक्य ऐकायला मिळतं : गणपतीच्या आधी करून द्या. मीही तेच म्हणाले होते. न्हाणीघराची एकच भिंत होती, श्रावणात केली. लेप छान बसला. सीलर मारला तेव्हा बाहेर रिपरिप चालू होती. दुसऱ्या दिवशी अख्खी भिंत ताकाचा हात फिरवल्यासारखी पांढरट दिसायला लागली. पाण्यावर आधारित सीलरमधलं पाणी उडून जायला हवा कोरडी लागते. तसं झालं नाही तर ते पापुद्र्यात अडकतं आणि धुरकट दिसतं. शेवटी पॉलिश पेपरने सगळं खरवडून डिसेंबरात परत सीलर मारला. त्या वर्षीचे पाहुणे न्हाणीघरात जाऊन आले की काहीतरी बोलायचं टाळायचे.

तेव्हा क्रम असा ठेवा. नवी जमीन करायची असेल तर काँक्रीट दिवाळीच्या सुमारास टाका. त्यावर पाणी मारण्याचे दिवस धरून निदान 28 दिवस जायलाच हवेत. पण 28 दिवसांत काँक्रीट पक्कं होतं, सुकत नाही. सुकण्याचा ठोकताळा इंचाला एक महिना असा आहे. चार इंची काँक्रीट म्हणजे चार महिने. दिवाळीला टाकलेलं शिमग्यापर्यंत लेपाजोगं होतं आणि सीलरला पावसाआधी दोन-अडीच महिने मिळतात. जुनी जमीन असेल तर डिसेंबर ते मार्च हा काळ सर्वांत चांगला. एप्रिल-मेमध्ये काम होत नाही असं नाही, पण मसाला हातातच आवळतो आणि भिंतीवर ओढ पडते.

हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळासारखं यंत्र मिळतं, ते घ्याच. 80 टक्क्यांच्या वर काटा असेल तर मी सीलरचा डबा उघडत नाही. किनाऱ्यावर थंडीतही पहाटे दव असतं, म्हणून सीलर सकाळी दहानंतरच.

खालचा थर तपासणं

हातोडीची मूठ किंवा रुपयाचं नाणं घेऊन सगळी जागा वाजवत फिरा. जिथे पोकळ, बद्द आवाज येतो तिथे टाइल किंवा गिलावा सुटलेला आहे. तेवढा भाग काढून नव्याने भरावा लागेल, दुसरा उपाय नाही.

मग ओल. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा आणि निदान 16 तास ठेवा. मी 24 ठेवते. काढताना आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा खालची जागा काळसर झाली असेल तर थांबा. ही परीक्षा कोपऱ्यात, बाहेरच्या भिंतीला लागून आणि न्हाणीघराच्या पाठीमागच्या भिंतीवर, अशी तीन-चार ठिकाणी घ्या. खोलीच्या मधोमध सगळं नेहमी कोरडंच निघतं.

तिसरी गोष्ट फक्त आपल्याकडची : खोबरेल. जुना लाल कोबा चकचकीत राहावा म्हणून घरातल्या बायकांनी वर्षानुवर्षं त्याच्यावर तेलाचा बोळा किंवा मेण फिरवलेलं असतं. पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो मोत्यासारखा उभा राहिला तर तिथे प्रायमर धरणार नाही. वरचा थर मशीनने घासून काढा आणि थेंब लगेच शोषला जाईपर्यंत घासत राहा.

आणखी एक विचारून ठेवा : कोबा किंवा गिलावा करताना वाळू कुठली वापरली होती? खाडीची न धुतलेली वाळू असेल तर तिच्यातलं मीठ हवेतली ओल कायम खेचत राहतं. अशा जागी लेप देण्याआधी मी दोनदा विचार करीन.

भेगा, सांधे, उतार

केसाएवढ्या, न वाढणाऱ्या भेगा थोड्या रुंद करून इपॉक्सीने भरता येतात. जी भेग दर पावसाळ्यात उघडते आणि उन्हाळ्यात मिटते ती कशानेही भरलीत तरी वर उमटणारच. काँक्रीटमध्ये मुद्दाम ठेवलेला सांधा असेल तर तो लेपातही तसाच वर आणा, झाकू नका. टाइल्सवर काम असेल तर सांधे भरून पातळी एक करा, टाइलची चकाकी मशीनने मारा आणि तेलकटपणा साफ करा, विशेषतः शेगडीमागचा.

न्हाणीघराबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. मायक्रोसिमेंट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. त्याच्याखाली वॉटरप्रूफिंगचा वेगळा थर लागतो आणि तो दिल्यावर मोरीचं तोंड बंद करून 48 तास पाणी साठवून पाहावं लागतं. खालच्या छताला किंवा शेजारच्या भिंतीला डाग आला नाही तर पुढे जा. उतार मीटरला साधारण एक सेंटिमीटर हवा आणि तो आताच द्या, कारण दोन मिलिमीटरच्या लेपात उतार काढता येत नाही. पाणी साचणाऱ्या जागी सीलर सगळ्यात आधी जातो.

जाळी आणि जाडा हात

इथपर्यंत आलात तर अवघड भाग संपला. इथून पुढे काम दिसायला लागतं, त्यामुळे सगळ्यांना हेच अवघड वाटतं.

रबरी हातमोजे घाला. ओलं सिमेंट कातडी खातं, दुपारपर्यंत कळतही नाही. घासताना साधा रुमाल बांधून चालत नाही, एन-95 मास्क लागतो, कारण त्या धुळीत सिलिका असते.

प्रायमर रोलरने द्या. तो वाळला की पहिला जाडा हात, साधारण एक मिलिमीटरचा, आणि तो ओला असतानाच त्यात फायबरग्लासची जाळी दाबून बसवा. जाळी अल्कली सहन करणारीच घ्या. साधी जाळी सिमेंटमध्ये काही वर्षांत कुजते. दोन तुकडे दोन इंच एकमेकांवर यावेत. जाळीची वीण वर दिसता कामा नये. दुसऱ्या दिवशी 40 किंवा 60 नंबरच्या पॉलिश पेपरने टेंगळं काढा, धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि दुसरा जाडा हात द्या. केरसुणीने धूळ निघते असं वाटतं, पण ती फक्त जागा बदलते.

मसाला कालवताना द्रवात पूड टाका, पुडीत द्रव नाही. ड्रिलला पंखा लावून हळू फिरवा. जोरात फिरवलं तर हवा शिरते आणि वाळल्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. पाणी लागणारं मिश्रण असेल तर पिण्याचंच पाणी घ्या. किनाऱ्यालगतच्या विहिरींना एप्रिल-मेमध्ये मचूळपणा येतो, ते पाणी नको. अर्ध्या तासात दोघांच्या हातून जेवढं लागेल तेवढंच कालवा. घट्ट व्हायला लागलेल्या मसाल्यात वरून पाणी घालायची सवय गवंड्यांना असते. ती इथे सोडायला लावा, नाहीतर तेवढाच भाग फिका आणि कच्चा निघतो.

बारीक हात आणि घोटाई

बारीक हात दोन किंवा तीन, प्रत्येकी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ. रंग वजनकाट्यावर मोजून घ्या आणि अख्ख्या खोलीचा एकदम घ्या. डोळ्यांनी जुळवलेला रंग दिव्याखाली जुळतो, उन्हात नाही.

त्याआधी दोन फुटांच्या फळीवर नमुना करा, सीलरसकट. सीलरने रंग गडद होतो, आणि नमुना न बघता काम केलेल्या माणसाला ते शेवटच्या दिवशी कळतं. रंग निवडताना पाऊलवाट आठवा. तांबड्या मातीचे पाय ज्या घरात दिवसातून वीस वेळा आत-बाहेर करतात तिथे पांढरी जमीन म्हणजे व्रत आहे. मातकट, राखाडी, सुपारीच्या सालीचा तपकिरी, हे रंग आपल्याकडे टिकतात.

एका भिंतीला किंवा एका खोलीला सुरुवात केली की मध्ये थांबायचं नाही. चहासाठीसुद्धा नाही. थांबलेली रेघ कायम दिसते. दाराच्या समोरच्या कोपऱ्यातून सुरू करून दाराकडे मागे मागे या, एकाने लावायचं आणि दुसऱ्याने घोटत यायचं. पंखे बंद, खिडक्या फक्त किलकिल्या. वाऱ्याची झुळूक जिथे लागते तिथे लवकर वाळून रंग वेगळा पडतो. कपाळाला पंचा बांधा. ही चेष्टा नाही, बारीक हातावर पडलेला घामाचा थेंब वाळून डाग होतो.

घोटाई म्हणजे लेप आवळत आला की थापी तिरकी धरून दाबून फिरवणं. जास्त घोटलं की स्टीलची थापी काळे ओरखडे सोडते. गडद रंगात ते शोभतात, फिक्यात मळल्यासारखे दिसतात. फिक्या रंगाला प्लास्टिकची थापी वापरा. कोबा घोटलेला जुना गवंडी मिळाला तर त्याचा हात इथे फार कामाला येतो. फक्त त्याला जोर कमी करायला सांगावं लागतं.

शेवटच्या हातानंतर 120 ते 220 नंबरचा पेपर हलक्या हाताने, आणि पुन्हा व्हॅक्यूम.

सीलर

जमिनीला आणि ओल्या जागांना दोन घटकांचा पॉलियुरेथेन सीलर, निदान दोन हात. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं तेच, अंदाजाने नाही. दुसरा घटक, म्हणजे हार्डनर, मिसळला की ठरावीक वेळेत सीलर संपवावा लागतो. चकाकी मॅटच घ्या असं मी म्हणेन. ग्लॉसवर प्रत्येक ओरखडा दिसतो आणि ओल्या पायाने घसरायला होतं. न्हाणीघराच्या जमिनीला सीलरमध्ये घसरण रोखणारी बारीक पूड मिसळून घ्या.

काम दुपारी चारच्या आत संपवा. दिवेलागणीला पाखरं येतात आणि ओल्या सीलरवर बसलेलं पाखरू उठत नाही.

मग धीर. 24 तासांनी अनवाणी चालता येतं, तीन-चार दिवसांनी हलकं सामान, पाणी सात दिवसांनी, आणि पूर्ण कठीणपणा यायला दोन ते चार आठवडे. तोवर वर प्लास्टिक अंथरू नका, आतली वाफ कोंडते. पुठ्ठा चालतो, पण तोही पहिले काही दिवस नको. फ्रीज ओढत नेण्याची घाई ज्याला होते त्याला महिनाभर दुसऱ्या खोलीत ठेवा. आमच्याकडे माझ्या भावाला ठेवलं होतं.

रोजचं वागणं

साध्या पाण्यात सौम्य, न्यूट्रल साबण, मऊ फडकं. एवढंच. नारळाच्या सोडणाने घासायचं नाही, तारेच्या काथ्याने तर नाहीच, आणि बाथरूमचं ॲसिड घरात आणूच नका. सिमेंटमधला चुना आम्लाशी लागलीच बोलतो, सीलरला बारीक ओरखडा असला तरी ॲसिड त्यातून आत जातं. ब्लीचही नको. न्हाणीघराच्या कोपऱ्यात पावसाळ्यात बुरशीचे काळे ठिपके येतात ते साबणपाण्याने लगेच पुसा आणि आंघोळीनंतर भिंतीवरचं पाणी वायपरने ओढायची सवय लावा.

स्वयंपाकघरातला खरा शत्रू आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, आहे. आंबट, खारट आणि वर रंगही सोडणारा, तिन्ही एकदम. सोलकढी, लिंबू, चिंचेचा कोळ, व्हिनेगर, हे सांडलं की दहा मिनिटांत पुसा. रात्रभर राहिलं तर पुसून जाणार नाही. हळदीचंही तेच. गरम कढई ओट्यावर थेट ठेवू नका, विळी आणि पाटा खाली जाड गोणपाट घालूनच. दाराशी काथ्याचं पायपुसणं हवंच, कारण पायाला चिकटून येणारी वाळू म्हणजे चालता-फिरता पॉलिश पेपर आहे. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावा. झोपाळा असेल तर त्याच्याखाली जिथे पाय रेटतो ती हातभर जागा सगळ्यात आधी मंद पडते. तिथे छोटी सतरंजी घाला किंवा दर दोन वर्षांनी तेवढ्या पट्ट्याला सीलर द्यायची तयारी ठेवा.

आणि गणपती. मखर काढल्यावर खाली काय दिसेल याचा विचार आधीच करा. समईखाली ताटली, ताम्हणाखाली पाट. तांब्याच्या भांड्याखाली पाणी साचलं तर हिरवट वर्तुळ उठतं. पंचामृतात दही आहे हे विसरू नका. झेंडूचं ओलं निर्माल्य जमिनीवर रात्रभर ठेवलं तर पिवळा रंग उतरतो. रांगोळी हलक्या हाताने झाडून काढा, रगडू नका, ती दगडाचीच पूड असते.

डागडुजी

दिवाळीच्या साफसफाईत एकदा घरभर पाण्याचे थेंब टाकून पाहा. पाच मिनिटांत थेंबाखालचा रंग गडद झाला तर तिथला सीलर संपला. वर्दळीच्या जमिनीवर काही वर्षांनी हे होणारच. जागा साफ करून, 220 नंबरने जेमतेम खरवडून, सीलरचा नवा हात द्या. शक्यतो अख्ख्या खोलीला, कारण मधल्या तुकड्याची कड दिसते. ओरखडा फक्त सीलरात असेल तर एवढ्याने झाकला जातो. लेपापर्यंत गेला असेल तर आधी तेवढ्यापुरता बारीक हात भरावा लागतो, आणि तो ठिगळ म्हणून थोडा ओळखू येतो. लेप फुगला असेल तर मात्र वरून काहीही करू नका. तो भाग उघडा, ओल कुठून येते ते शोधा, छताचं कौल फुटलंय की पाइप गळतोय की पागोळ्यांचं पाणी जोत्यात शिरतंय, आणि ते थांबल्यावर एक अख्खा उन्हाळा जाऊ द्या.

यासाठी काम चालू असतानाच त्याच पिशवीतली अर्धा किलो पूड, मोजून ठेवलेल्या रंगासकट, हवाबंद डब्यात काढून ठेवा. डब्यात मिठाला ओल येऊ नये म्हणून घालतो तशी तांदळाची पुरचुंडी घाला आणि वर तारीख आणि रंगाचा क्रमांक लिहा. तरीही वर्ष-दीड वर्षानंतर वापरायची झाली तर आधी फळीवर लावून पाहा. सीलरचा उघडलेला डबा मात्र राखून ठेवू नका. त्याचा हार्डनर हवेतली ओल धरतो आणि कोकणातल्या एका पावसाळ्यात डब्यातच दगड होतो.